घावावाचून देवपण

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी एक दिवस चिंचेचा असतो. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात, चिंच-मिठाचा गोळा वाटीत कालवला जातो, आणि एरवी घरात कशाच्याही उपयोगी न पडणारा मी त्या दिवशी मोरीपाशी पाट घेऊन बसतो. वर्षभर काळवंडलेल्या घागरीवर तो गोळा फिरवला, की आतले तांबे एकदम लखलखून वर येते. इतके सोपे आणि इतके चटकन समाधान देणारे काम माझ्या माहितीत दुसरे नाही. उत्तरपत्रिका तपासून असे समाधान कधीच मिळत नाही.

यंदा मात्र घागर घासताना माझे लक्ष घागरीत नव्हते. डोक्यात दादाचा कारखाना घोळत होता.

वाचकहो, दर आठवड्याला या पानावर मी तुमच्याशी शब्दांविषयी, पुस्तकांविषयी, फार तर वर्गातल्या गमतीजमतींविषयी बोलतो. आज लोखंडाविषयी बोलणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने लोखंडाला हात घालू नये हे मला कळते. पण दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, आणि मनात जे घोळत असते तेच अखेर लेखणीतून उतरते. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याचा छोटासा कारखाना आहे. तीन लेथ, दोन ड्रिलिंगची यंत्रे, एक मिलिंगचे, आणि नऊ माणसे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांना ज्या झडपा लागतात, त्यांचे पोलादी ठोकळे तो करून देतो. अशा ठोकळ्यात चारी बाजूंनी भोके पाडलेली असतात आणि ती आतल्या आत एकमेकांना छेदतात. जिथे छेदतात तिथे धातूची एक बारीक, धारदार कोर उभी राहते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ही बर वाटाण्याच्या सालीएवढी असते. पण पुढे कधी तरी ती तुटून तेलात गेली, तर झडप अडकते आणि सगळे यंत्र ठप्प होते. म्हणून ती काढावीच लागते.

हे काम गेली तीस वर्षे एक माणूस करीत आला. सगळे त्यांना मामा म्हणतात. वाकवलेली बारीक कानस, तारेला गुंडाळलेला पॉलिश-पेपर आणि काडीपेटीतली एक काडी, एवढी त्यांची आयुधे. काडी भोकात घालून फिरवायची. कुठे अडकली, की तिथे अजून बर आहे असे समजायचे. डोळ्यांना न दिसणारी जागा मामा काडीने वाचत. दिवसाला चाळीस ठोकळे त्यांच्या हातून निघत.

दोन वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका कारखान्याने दादाला सांगितले, ‘आम्हाला दिवसाला दोनशे हवेत.’ मामा एकच होते, आणि तसा हात असलेला दुसरा माणूस मिळेना. तेव्हा दादाने वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवून आणि वर कर्ज काढून एक यंत्र आणले. ते लोखंड विजेने आणि मिठाच्या पाण्याने कापते.

मी ते प्रथम पाहिले तेव्हा मला ती थापच वाटली. हत्यार कुठे टेकत नाही, ठिणगी उडत नाही, किसही पडत नाही. ठोकळा विजेच्या धन टोकाला जोडलेला, पितळेचे बारीक हत्यार ऋण टोकाला, दोहोंमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्याही आत फट, आणि त्या फटीतून मिठाचे पाणी जोराने धावते आहे. पंधरा-वीस व्होल्टचा दाब, म्हणजे घरच्या विजेच्या मानाने अगदीच किरकोळ. बटण दाबले, दहा-बारा सेकंद गेले, झाले! बर नाहीशी. ती कापली गेली नव्हती, विरघळली होती.

यामागचे तत्त्व फार जुने आहे. मायकेल फॅरडे याने १८३३-३४ च्या सुमारास ते नियमात बांधले. पाण्यातून जितकी वीज जाईल, त्याच प्रमाणात धन टोकाचा धातू विरघळेल. ना कमी, ना जास्त. लोखंडाचा हिशेब असा, की एक अँपिअर वीज तासभर वाहिली तर सुमारे एक ग्रॅम लोखंड जाते. दादाच्या यंत्रात पंचवीस अँपिअर बारा सेकंद वाहतात. म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्साही जात नाही. ज्या टाकीने मूर्ती घडवायची ती टाकी अशी वजनात मोजून मारता येते! विरघळलेले लोखंड हत्याराला चिकटत नाही, पाण्यात त्याचा गेरूच्या रंगाचा गाळ होतो. हत्यारापाशी फक्त हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, त्यामुळे हत्यार झिजत नाही. आणि पोलाद लोण्यासारखे मऊ असो की वज्रासारखे कठीण, विजेला त्याचे सुखदुःख नाही.

या शेवटच्या गुणामुळेच ही विद्या प्रयोगशाळेतून कारखान्यात आली. १९२९ साली रशियात गुसेव्ह नावाच्या संशोधकाने अशा कामाची कल्पना मांडली होती. पण तिची गरज भासली ती जेट विमाने आल्यावर. त्यांच्या एंजिनातली पाती निकेलच्या अशा मिश्रधातूंची असतात, की त्या कापताना हत्यारेच रडकुंडीला येतात. १९५९ साली शिकागोच्या अ‍ॅनोकट कंपनीने या पद्धतीची यंत्रे बाजारात आणली, आणि मग पाती, साचे, बंदुकीच्या नळीतले पीळ अशी अनेक कामे तिच्याकडे आली.

दादाने हे सगळे मला मोठ्या उत्साहाने सांगितले. मामा बाजूला उभे राहून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांची कानस हातातच होती, आणि ती ते फडक्याने उगाचच पुसत होते.

पहिला पाचशे ठोकळ्यांचा माल पुण्याला गेला आणि सगळाच्या सगळा परत आला.

बर गेली होती, यात शंका नव्हती. पण बरीबरोबर भोकांची तोंडेही कर्ण्यासारखी पसरली होती. आतल्या भिंती, ज्यांना हातही लावायचा नव्हता, त्या करड्या पडल्या होत्या आणि त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे उठले होते. शिवाय पाण्याच्या वाटेवर लांबच लांब ओरखडे दिसत होते. पुण्याच्या साहेबांनी दोन महिन्यांची मुदत दिली आणि फोन ठेवला. पाचशे ठोकळ्यांचे पोलाद, त्यावरची मजुरी, वर बँकेचा हप्ता. वहिनी त्या रात्री कुणाला काही बोलल्या नाहीत. भाकरी वाढताना त्यांच्या रिकाम्या मनगटांकडे पाहायचे मीच टाळले.

असे का झाले? उत्तर शोधायला दादाला ते दोन महिने पुरेपूर लागले. मी दर शनिवारी सांगलीहून जात असे, ते मदतीला नव्हे, सोबतीला. त्यामुळे जे कळले ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की वीज सरळ रेषेत जात नाही. टाकीचा घाव जिथे मारावा तिथेच बसतो. वीज मात्र हत्याराच्या टोकातून निघते तशी त्याच्या कुशीतूनही निघते आणि पाण्यातून जिकडेतिकडे पसरते. टोकदार कोरेवर ती जास्त गोळा होते, म्हणून बर आधी जाते हे खरे. पण आजूबाजूच्या भिंतीही थोड्याथोड्या झिजत राहतात. यावर उपाय म्हणजे हत्याराला अंगरखा घालणे. विजेला वाट न देणाऱ्या लेपाने त्याच्या कुशी झाकायच्या आणि जिथे काम आहे तेवढीच कडा उघडी ठेवायची. दादाने हत्यार झाकले आणि भोकांचे पसरणे बरेच कमी झाले.

हे ऐकताना मला माझ्याच लाल शाईची आठवण झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला एक निबंध दाखवला होता. त्यात दोन-चार ठिकाणी बर होती. मी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोडत गेलो. त्या मुलाने पुन्हा काही लिहून आणले नाही. माझ्या हत्याराला अंगरखा नव्हता, एवढे आता कळते.

दुसरी गोष्ट मिठाची. आपले जेवणातले मीठ स्वस्त असते आणि काम झपाट्याने करते. पण त्याला आप-पर नाही. फटीत विजेचा जोर असो वा नसो, ते धातू विरघळवतच राहते. त्याऐवजी सोडियम नायट्रेट वापरले तर गंमत होते. दिवाळीच्या दारूत जो सोरा असतो त्याचाच हा चुलतभाऊ. याच्या पाण्यात पोलादावर एक पातळ पापुद्रा धरतो. जिथे विजेचा जोर मोठा, म्हणजे हत्याराच्या अगदी समोर, तिथे पापुद्रा टिकत नाही आणि धातू विरघळतो. जिथे जोर कमी, म्हणजे दूरच्या भिंतीवर, तिथे पापुद्रा शाबूत राहतो; वीज ऑक्सिजन काढण्यात खर्च होते आणि धातू वाचतो. काम मिठापेक्षा हळू होते, वीज जास्त लागते. पण जे ठेवायचे ते राहते. सोऱ्याच्या या चुलतभावाचे एक पथ्य मात्र आहे. त्याच्या पाण्याने भिजलेली चिंधी वाळली, की ठिणगीने भडकते. तेव्हा फडकी पाण्यातच बुडवून ठेवायची, असा कारखान्यात नियम झाला.

झिलईचे कोडेही यातच थोडे उलगडले. विजेचा जोर भरपूर असेल तर धातूचे उंचसखल कण सारखे विरघळतात आणि पृष्ठभाग उजळ निघतो. जोर अपुरा असेल तर एक कण लवकर जातो, शेजारचा उशिरा. कणांमधल्या शिवणी उसवतात, खड्डे पडतात, आणि सगळे करडे दिसू लागते. म्हणजे पहिल्या मालातल्या भिंती जास्त विजेने बिघडल्या नव्हत्या, त्यांना अर्धवट वीज लागली होती. अर्धवट काम पूर्ण कामापेक्षा वाईट, हे आमच्या परीक्षा विभागालाही सांगण्यासारखे आहे.

इतके होऊनही ओरखडे काही जाईनात. दादाने दाब वाढवला, कमी केला, वेळ बदलला. ओरखडे तसेच. मुदत संपायला वीस दिवस उरले होते. त्या शनिवारी मी गेलो तेव्हा दादा एक ठोकळा उभा चिरून खिडकीपाशी बसला होता. मामा मागून आले, त्यांनी तो हातात घेतला, तिरपा करून उजेडात धरला आणि मला म्हणाले,

“मास्तर, हे बघा. पाणी कुठनं शिरलं अन् कुठनं निघालं, ते हितं लिवलंय.”

दादाने मान वर केली.

“मालक, मी रात्रीचा उसाला दारं धरतो न्हवं का? पाणी नुसतं मोकळं सोडलं तर ते आपली वाट धरतंय. एक सरी तुडुंब, दुसरी कोरडी. खालच्या अंगाला जरा अडवावं लागतंय, मग सगळीकडं सारखं चढतंय.”

मामांना फॅरडे ठाऊक नव्हता. पण त्यांनी जे सांगितले ते अक्षरशः खरे होते. फटीतून धावणाऱ्या पाण्याला तीन कामे असतात. विरघळलेला धातू वाहून न्यायचा, बुडबुडे न्यायचे आणि उष्णता न्यायची. पाणी पुढे जाता जाता तापते, आणि एक अंश तापमान वाढले की त्याची वीज वाहण्याची शक्ती शेकडा दोनाने वाढते. उलट, बुडबुडे वाढत गेले की ती शक्ती घटते. म्हणजे शिरतानाचे पाणी आणि निघतानाचे पाणी एक नव्हे. आणि मध्येच धार फुटून कोरडा पट्टा राहिला, तर तिथे धातू राहतो आणि ओरखडा उमटतो. बाहेर पडण्याच्या तोंडाशी पाणी अडवले, की फटीत दाब टिकतो, बुडबुडे दबून लहान राहतात आणि पाणी सगळी जागा भरून वाहते.

दादाने त्याच संध्याकाळी बाहेरच्या नळीवर कॉक बसवला. पाण्याला बारीक गाळणी लावली, टाकीचे तापमान एकाच अंशावर राहील अशी सोय केली. मामा कॉकपाशी बसले आणि उसाला पाणी द्यावे तसे त्यांनी ते हळूहळू अडवले. सोळावा की सतरावा ठोकळा चिरला, तेव्हा आतली कडा गुळगुळीत गोल झाली होती आणि भिंतीवर रेघ नव्हती. मामांनी त्यात काडी फिरवली. काडी कुठेच अडकली नाही.

“गेली,” ते म्हणाले. बर गेली असे त्यांना म्हणायचे होते. पण त्यांचा आवाज ऐकून मला वाटले, की आणखीही काही गेले.

मोठ्या कारखान्यांत ही विद्या आता कुठच्या कुठे गेली आहे. तिथे हत्यार एका जागी उभे नसते, ठरल्या गतीने धातूत उतरत जाते. फट जरा रुंदावली की वीज कमी वाहते, धातू कमी जातो, आणि पुढे येणारे हत्यार फट पुन्हा पहिल्याइतकी करते. फट आपली आपणच सावरते. ती जितकी अरुंद, तितकी हत्याराची नक्कल हुबेहूब. पण फार अरुंद फटीत पाणी शिरत नाही, आणि हत्यार टेकले तर ठिणगी पडून दोघांचा नाश होतो. या पेचातून वाट काढली आहे ती ठेक्याने. हत्यार सेकंदाला पन्नासेक वेळा वरखाली हलते. जवळ आले की क्षणभर वीज, दूर गेले की वीज बंद आणि ताज्या पाण्याचा लोंढा. त्यामुळे मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी अरुंद फट ठेवता येते, आणि निकेलची पाती आरशासारखी निघतात. नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनी दाढीच्या यंत्राच्या जाळीदार टोप्याही विजेने विरघळवूनच घडवते.

याहून नवलाची गोष्ट बर्लिनची. २००० साली तिथल्या फ्रिट्झ हाबर संस्थेत शूस्टर, किर्शनर, अलोंग आणि एर्टल या चौघांनी विजेचे ठोके सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतके आखूड केले. त्यातली युक्ती मला हजेरीवरून समजली. मी हजेरीपट दहा मिनिटे उघडा ठेवला, तर कॅन्टीनमधली मुलेही येऊन ‘हजर’ म्हणतात. तो अर्ध्या मिनिटात मिटला, तर दारापाशी उभे असलेलेच हजर लागतात. धातूच्या पृष्ठभागावर आधी विजेचा भार साठावा लागतो, तेव्हा कुठे धातू विरघळतो. आणि हत्यारापासून जितके दूर, तितका तो साठायला वेळ जास्त. ठोका इतका आखूड, की दूरच्या जागेचा भार भरेपर्यंत हजेरी संपलेली असते! या रीतीने त्यांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी बारीक नक्षी धातूत कोरली. यातल्या एर्टल यांना २००७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते पृष्ठभागावरच्या रसायनक्रियांच्या अभ्यासासाठी.

अचूकपणा म्हणजे जे काढायचे ते काढणे, अशी माझी समजूत होती. दादाच्या कारखान्यात ती बदलली. धातू विरघळवणे सोपे आहे. चिंचेलाही ते जमते. जे ठेवायचे ते ठेवणे अवघड. तो अंगरखा, तो सोरा, तो कॉक, तो अब्जांश ठोका, ही सगळी खटपट ठेवण्याची आहे.

आणि गाळाचे काय? लोखंडाचा गाळ त्या मानाने गरीब. पण धातूत क्रोमियम असेल, तर या पाण्यात त्याचे विषारी रूप तयार होऊ शकते. उद्यमनगरातले गटार ओढ्याला मिळते आणि ओढा पंचगंगेला. दादाने गाळ निवळून, पिळून, पिंपात भरून वेगळा द्यायचे ठरवले आहे. त्याचाही खर्च आहे. “बर काढायची ती नदीत घालायला नव्हे,” असे वहिनी म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

दुसरा माल मुदतीच्या चार दिवस आधी गेला आणि पास झाला. काम टिकले. कर्ज अजून फिटलेले नाही. पाटल्या अजून बँकेतच आहेत. मामा आता बर काढत नाहीत. रोज सकाळी पहिला ठोकळा ते चिरायला लावतात, उजेडात धरतात, आणि कॉक कितपत फिरवायचा ते सांगतात. त्यांच्या हाताखाली दोन पोरे शिकत आहेत. पगार कमी झाला नाही, थोडा वाढलाच. तरी पण मधूनच ते आपल्या जुन्या बाकापाशी जाऊन उभे राहतात, हे मी पाहिले आहे.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो होतो. लेथला हार घातले होते, नव्या यंत्राला झेंडूचे तोरण होते. पूजेच्या पाटावर ते पितळेचे बारीक हत्यार मांडले होते, ज्याने आजवर एकाही ठोकळ्याला स्पर्श केलेला नाही. मामांनी त्याला हळदकुंकू वाहिले. मग खिशातून ती वाकवलेली कानस काढली, क्षणभर घुटमळले आणि तीही त्याच्या शेजारी ठेवली.

दादाने पुढे होऊन तिलाही हळदकुंकू लावले. आधी तिला, मग राहिलेल्या हत्यारांना.